एलएच-२ मधील ऊर्जा हस्तांतरण : प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२५

२ जून २०२५, सोमवार

प्रकल्पाचा हेतू सुरुवातीलाच नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे धागा सुटणार नाही. र्‍होडोबॅक्टर स्फेरॉइड्स हा जांभळ्या जीवाणूंपैकी एक. तो मंद उजेडात वाढवला की आपल्या पटलात एलएच-२ या प्रकाश गोळा करणाऱ्या संकुलांचे प्रमाण एलएच-१ च्या तुलनेत वाढवतो. एलएच-२ ने टिपलेली ऊर्जा एलएच-१ कडे आणि तिथून अभिक्रिया केंद्राकडे जाते. एलएच-२ ची गर्दी वाढल्यावर या प्रवासाच्या वेळेत किती फरक पडतो, हे आम्हाला पाहायचे आहे. प्रवासाचे टप्पे माहीत आहेत. एका एलएच-२ च्या आत ऊर्जा बी-८०० या रंगद्रव्यांच्या कड्यातून बी-८५० च्या कड्यात (आकडे ते शोषतात त्या प्रकाशाच्या नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीचे) एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या, आत उतरते. एलएच-२ मधून एलएच-१ मध्ये जायला साधारण ३ ते ५ पिकोसेकंद लागतात. एलएच-१ मधून अभिक्रिया केंद्रात पोहोचायला ३५ ते ५० लागतात. आणि केंद्रात पोहोचल्यावर विद्युतभार वेगळे व्हायला पुन्हा सुमारे ३ पुरतात.

यातला पहिला टप्पा, खोलीच्या तापमानाला ०.७ ते ०.८ पिकोसेकंद, १९९० च्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांनी मोजलेला आहे. हा आकडा आमच्या टेबलावर, आमच्या हाताने, कोणतीही ओढाताण न करता मिळत नाही तोवर मंद उजेडातल्या नमुन्याला हात लावायचा नाही, असे मॅडमनी आणि मी ठरवले आहे. महिना त्यातच जाईल याची कल्पना आहे.

आजचे काम कल्चरचे होते. या जीवाणूचा मुख्य आहार ८०० ते ९०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आहे आणि पांढऱ्या एलईडी दिव्यातून त्या पट्ट्यात जवळजवळ काहीच निघत नाही, त्यामुळे जुने तारेचे बल्ब शोधणे भाग होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत चार दुकाने पालथी घातल्यावर एका काकांनी माळ्यावरून धुळीने माखलेले खोके खाली काढले आणि ६० वॉटचे बारा बल्ब दिले. "हे आता कोंबडीची पिल्लं ठेवणारेच नेतात," असे ते म्हणाले. बाराही बल्ब खोक्यातून न हलता पाषाणपर्यंत आणता आले याचे समाधान आहे.

६ जून, शुक्रवार

सहा बाटल्या गळ्यापर्यंत भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, घट्ट टोपण लावून बल्बांसमोर मांडल्या होत्या. आज पाच बाटल्या पिवळसर तपकिरी आहेत आणि सहावी विटकरी लाल. सहावीचे टोपण अर्धा आटा सैल होते. प्राणवायू मिळाला की हा जीवाणू आपल्या स्फेरॉइडीन या कॅरोटिनॉइडचे स्फेरॉइडिनोन करतो आणि रंग लाल होतो. प्राणवायू वाढत गेला तर प्रकाशसंश्लेषणाची सगळी यंत्रणा उभारणेच तो थांबवतो. म्हणजे टोपण नीट बसले की नाही हे बाटलीच सांगते, त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. लाल बाटली बाजूला काढली. कनिष्ठ सहकारी ती वाया घालवायला तयार नव्हती. तिने तिचा वर्णपट घेऊन ठेवला, आणि ते योग्यच केले, कारण पाचांपैकी एखादीत थोडी हवा शिरली असेल तर तुलनेसाठी तो हाताशी राहील.

११ जून, बुधवार

पहिली खेप टाकून द्यावी लागली. पेशी बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडल्या, फुटकेतुटके अवशेष खाली बसवले आणि वर राहिलेल्या द्रवातून पटलाच्या बारीक गोळ्या, म्हणजे क्रोमॅटोफोर, वेगळ्या केल्या. इथवर सगळे ठीक होते. त्यानंतर पटल विरघळवण्यासाठी एलडीएओ हे डिटर्जंट घातले, आणि चूक बहुधा तिथेच झाली. वर्णपटात ८०० आणि ८५० चे दोन शिखर दिसले, पण ८०० च्या डाव्या खांद्यावर ७७० च्या आसपास एक फुगवटा होता. तो फुगवटा म्हणजे प्रथिनातल्या आपल्या जागेवरून सुटून डिटर्जंटमध्ये तरंगणारे बॅक्टेरियोक्लोरोफिल, म्हणजे या जीवाणूचे हरितद्रव्य. ८०० नॅनोमीटरच्या लेझरने त्यातलेही काही रेणू उत्तेजित होतील, ते ऊर्जा कोणाकडेच देणार नाहीत, आणि आमच्या आलेखात एक खोटी, मंद शेपटी मिसळतील. फुगवटा लहान आहे, चालवून घेऊ, असा विचार मनात येऊन गेला होता. चालवून घेतले नाही.

१३ जून, शुक्रवार

काल वीज-देखभालीचा गुरुवार असल्यामुळे अल्ट्रासेंट्रिफ्यूज लावण्याचा धोका पत्करला नाही. आज डिटर्जंटचे प्रमाण कमी करून, सगळे काम चार अंशांच्या खोलीत करून दुसरी खेप घेतली आणि साखरेच्या उतरत्या घनतेच्या नळ्यांत रात्रभर फिरायला ठेवली.

१४ जून, शनिवार

नळ्या सकाळी आठ वाजता बाहेर काढल्या. वरच्या बाजूला एलएच-२ चा एकसंध, मधासारखा पट्टा आणि त्याच्या खाली बोटभर अंतरावर एलएच-१ व अभिक्रिया केंद्र यांचा जड पट्टा, असे इतके स्वच्छ विभाजन मी याआधी पाहिले नव्हते. वरचा पट्टा सुईने अलगद ओढून घेतला. ८५० ला जेवढे शोषण आहे त्याचे २८० च्या प्रथिन-शोषणाशी गुणोत्तर ३ च्या वर आले आणि ७७० ला फुगवटा नाही. हा नमुना वापरण्याजोगा आहे.

या संकुलाची रचना डोळ्यांसमोर असली की पुढची मोजमापे समजायला सोपी जातात. १९९५ साली ग्लासगोच्या गटाने र्‍होडोस्यूडोमोनास ॲसिडोफिला या नातलग जीवाणूच्या एलएच-२ ची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. नऊ एकसारख्या घटकांचे एक कडे, त्यात एकमेकांना खेटून उभे असलेल्या १८ बॅक्टेरियोक्लोरोफिलांचे बी-८५० वर्तुळ, आणि पटलाच्या पातळीत आडव्या पडलेल्या नऊ रेणूंचे सैल बी-८०० वर्तुळ. बी-८५० मधले शेजारी सुमारे ९ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आहेत, म्हणून तिथे ऊर्जा एका रेणूची न राहता अनेकांत पसरते. बी-८०० मधले शेजारी सुमारे २१ अँगस्ट्रॉमवर, म्हणून तिथे ती रेणूगणिक उड्या मारते. दोन वर्तुळांमधली उतरण साधारण ७३५ तरंगांक (प्रति सेंटिमीटर, ऊर्जेचे एक माप) इतकी आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या उष्णतेच्या साडेतीन पट, त्यामुळे खाली आलेली ऊर्जा सहसा परत वर जात नाही.

१८ जून, बुधवार

यंदा पाऊस मे संपण्याआधीच पुण्यात आला आणि तेव्हापासून लेझरच्या खोलीतली आर्द्रता हा रोजचा प्रश्न झाला आहे. तरंगलांबी बदलणाऱ्या भागातला बीबीओ स्फटिक ओल धरतो. आर्द्रताशोषकाची टाकी आता दिवसातून दोनदा रिकामी करावी लागते.

आमच्या मोजमापात पंप हा पहिला स्पंद नमुन्याला उत्तेजित करतो आणि थोड्या उशिराने येणारा प्रोब हा दुसरा स्पंद त्यातला बदल टिपतो. आजचे मुख्य काम प्रोबच्या पांढऱ्या प्रकाशाचे. आमचा टायटेनियम-सफायर लेझर ८०० नॅनोमीटरचा, सेकंदाला हजार स्पंद देणारा. अशा लेझरचा थोडा भाग सफायरच्या चकतीत केंद्रित केला की पांढरा प्रकाश तयार होतो, पण ८०० च्या आसपास तो अतिशय खडबडीत असतो, कारण मूळ लेझरचे अवशेष तिथेच उरतात. इतर अनेक नमुन्यांना याचा त्रास होत नाही. आम्हाला मात्र नेमके तेच ठिकाण पाहायचे आहे. म्हणून मे महिन्यात मी पांढरा प्रकाश १३०० नॅनोमीटरच्या स्पंदापासून तयार करण्याची नवी वाट मांडली होती. आज ती ७५० ते ९५० पर्यंत सपाट आणि शांत मिळाली. पंपासाठी मूळ लेझरच १० नॅनोमीटर रुंदीच्या फिल्टरमधून घेतला आहे. एवढ्या अरुंद पट्ट्याचा स्पंद ९४ फेम्टोसेकंदांहून (एक फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) आखूड असूच शकत नाही. आमचा एकूण काल-विभेद, म्हणजे वेगळा ओळखता येणारा सर्वात लहान काळ, १३० च्या घरात आहे आणि ०.७ पिकोसेकंद पाहायला तो पुरेसा आहे.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात मुक्कामी असल्याने पेठांतले रस्ते बंद आहेत आणि निम्मी मंडळी येऊ शकली नाहीत. फक्त कल्चरला नवे माध्यम दिले.

२४ जून, मंगळवार

पहिले खरे मोजमाप झाले. डिले स्टेज, म्हणजे पंप आणि प्रोब यांच्यातला उशीर बदलणारी आरशांची सरकती बैठक, एक मायक्रॉन सरकली की प्रकाशाचा मार्ग जाऊन-येऊन दोन मायक्रॉनने वाढतो, म्हणजे ६.७ फेम्टोसेकंदांचा उशीर. ज्या घटनेसाठी तीन आठवडे तयारी चालली आहे ती अख्खी घटना स्टेजच्या ०.११ मिलिमीटर प्रवासात, वहीच्या एका पानाच्या जाडीत, घडून जाते. संगणकाच्या पडद्यावर ८०० चा खड्डा (रेणू उत्तेजित झाल्याने तिथे कमी झालेले शोषण) भरून येत असताना ८६० चा खड्डा खोल होत जाताना पाहिला. एका कड्याने दुसऱ्याच्या ओंजळीत ऊर्जा टाकली, आणि ती टाकताना दिसली. पुस्तकात हजारदा वाचूनही स्वतःच्या नमुन्यात ते पाहण्याचा आनंद वेगळा आहे.

कनिष्ठ सहकारीला ८६० च्या आलेखावर लहान लाटा दिसल्या आणि ती फार उत्साहात आली. तिचा उत्साह मला समजतो. २००७ साली हरित गंधक जीवाणूंच्या एफएमओ संकुलात, ७७ केल्व्हिनला, अशाच लाटा दिसल्या होत्या आणि त्यांचा अर्थ ऊर्जा पुंज-तरंगासारखी एकाच वेळी अनेक वाटांनी फिरते असा लावला गेला. त्यावरून प्रकाशसंश्लेषणाच्या कार्यक्षमतेचे श्रेय पुंज-सुसंगतीला देणारे खूप लेखन झाले. नंतरच्या दशकातल्या काटेकोर प्रयोगांनी, विशेषतः २०१७ च्या मोजमापांनी, दाखवले की इलेक्ट्रॉनिक सुसंगती खोलीच्या तापमानाला १०० फेम्टोसेकंदांच्या आतच विरते आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या लाटा मुख्यतः रेणूंच्या कंपनांच्या असतात. ऊर्जा हस्तांतरण यामुळे कमी सुंदर ठरत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. रेणूंमधली अंतरे, उतरण आणि कंपने यांची इतकी अचूक सांगड हीच मुळात नवलाची गोष्ट आहे.

आमच्या लाटा कंपनांच्याही निघाल्या नाहीत. डिलेचे बिंदू क्रमाने न घेता विस्कळीत क्रमाने घेतले तेव्हा त्या नाहीशा झाल्या. एका बिंदूला काही सेकंद लागतात, खोलीचे वातानुकूलन ठरावीक अंतराने चालू-बंद होते, त्याबरोबर लेझरची तीव्रता किंचित डोलते, आणि बिंदू ओळीने घेतले की तो डोल आलेखावर लाट होऊन उमटतो. यापुढे प्रत्येक मोजमाप विस्कळीत क्रमानेच घ्यायचे.

२७ जून, शुक्रवार

पंपाची ऊर्जा बदलून पाहिली. एका नॅनोज्यूलच्या स्पंदातही ८०० नॅनोमीटरचे सुमारे ४०० कोटी फोटॉन असतात. ते लहानशा ठिपक्यावर पडले की काही कड्यांत एकाच वेळी दोन उत्तेजना निर्माण होतात, त्या एकमेकींना भेटतात आणि एक नष्ट होते. एकाकी एलएच-२ मध्ये बी-८५० ची उत्तेजना सुमारे एक नॅनोसेकंद टिकते, म्हणजे आमच्या ५० पिकोसेकंदांच्या खिडकीत ती रेघ सपाट दिसली पाहिजे. १० नॅनोज्यूलला ती उताराला लागली होती. ३ ला उतार कमी झाला. १ आणि ०.५ ला रेघ सपाट होती आणि दोन्ही आलेख योग्य त्या गुणकाने एकमेकांवर तंतोतंत बसले. म्हणून १ नॅनोज्यूलच्या खालीच काम करायचे. सिग्नल दहा हजारांत दोन-तीन भाग एवढाच उरतो आणि एका आलेखाला चार तास लागतात, पण क्रोमॅटोफोरमध्ये हीच सावधगिरी निर्णायक ठरेल: तिथे उत्तेजना अनेक कड्यांतून भटकतात, त्यांची गाठ अधिक सहज पडते, आणि त्या नाशाचा काळ नेमका आम्हाला मोजायच्या ३ ते ५ पिकोसेकंदांच्या आसपास आला तर आम्ही नाशालाच हस्तांतरण समजून बसू.

१ जुलै, मंगळवार

आता खरी अडचण. कमी ऊर्जेवर, तीन वेगवेगळ्या दिवशी, ८०० चा खड्डा ०.६२ पिकोसेकंदांत भरून येतो आणि ८६० चा उगम ०.७७ पिकोसेकंदांत होतो. दोन्ही एकाच घटनेची दोन टोके आहेत. जेवढे इकडून गेले तेवढे तिकडे पोहोचले पाहिजे आणि त्याच वेळात. फरक आमच्या त्रुटीच्या चौपट तरी आहे.

०.६२ आणि ०.७७ यांची सरासरी ०.७ येते आणि ती जगन्मान्य आकड्यात चपखल बसते. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ती सरासरी काढून पुढे जाण्याची सूचना आजच्या बैठकीत झाली. मला ती मान्य नाही. दोन आकडे सारखे का नाहीत हे कळल्याखेरीज त्यांची सरासरी म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज आहे.

पहिला संशय पंपाच्या विखुरलेल्या प्रकाशावर होता, कारण पंप आणि ८०० चा प्रोब एकाच रंगाचे आहेत. प्रोब झाकून विखुरण वेगळे मोजले आणि वजा केले. ०.६२ जागचे हलले नाही.

४ जुलै, शुक्रवार

कारण सापडले.

सकाळी मॅडमना सगळे आलेख दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, "ध्रुवीकरण नमुन्यापाशी मोजलं आहेस का?" मी म्हटले, "नाही मॅडम, प्लेटपाशी मोजलंय." त्या म्हणाल्या, "मग क्युव्हेट काढ आणि तिथे पोलरायझर धर." क्युव्हेट म्हणजे नमुन्याची छोटी पारदर्शक डबी, आणि पोलरायझर एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देतो.

ध्रुवीकरण म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा. पंप आणि प्रोब यांच्या ध्रुवीकरणात ५४.७ अंशांचा कोन ठेवला की रेणूंची दिशा सिग्नलमधून पूर्णपणे वगळली जाते आणि फक्त उत्तेजितांची संख्या उरते. हाफ-वेव्ह प्लेट ध्रुवीकरणाला आपल्या दुप्पट फिरवते, म्हणून मी पंपाची प्लेट २७.३५ अंशांवर ठेवली होती, आणि ती तिथेच होती. प्रोब आडवा आहे असे मी धरून चालले होते. क्युव्हेट काढून तिथे पोलरायझर धरला आणि हळूहळू फिरवला, तर प्रोब आडव्या स्थितीत विझला आणि उभ्या स्थितीत लख्ख झाला. मे महिन्यात नव्या वाटेसाठी मी जो दोन आरशांचा पेरिस्कोप बसवला, तो किरण वर उचलतानाच त्याला काटकोनात वळवतो, आणि अशा वळणात आडवे ध्रुवीकरण उभे होते. ९० मधून ५४.७ वजा केले की ३५.३ उरतात. गेले दहा दिवस आम्ही ३५.३ अंशांवर मोजत होतो.

एवढ्याने दोन्ही आकड्यांचा खुलासा होतो. बी-८०० मध्ये ऊर्जा खाली उतरण्याआधी कड्यातल्या शेजाऱ्याकडे उडी मारू शकते. शेजाऱ्याची दिशा वेगळी असते, म्हणून दिशेची स्मृती ०.४ या आरंभीच्या मूल्यापासून वर्तुळाकार कड्याच्या ०.१ कडे घसरते. ३५.३ अंशांवर सिग्नलमध्ये संख्येला एक अधिक ही स्मृती इतक्या गुणकाने वजन मिळते, म्हणजे गुणक १.४ वरून १.१ कडे उतरतो आणि ८०० चा खड्डा प्रत्यक्षापेक्षा लवकर भरल्यासारखा दिसतो. बी-८५० मध्ये मात्र ऊर्जा पोहोचताच अनेक रेणूंत पसरते आणि दिशेची स्मृती जवळजवळ तत्क्षणी ०.१ वर येते, त्यामुळे तिथला गुणक सुरुवातीपासून स्थिर असतो आणि उगमाचा काळ बिघडत नाही. ८६० पहिल्यापासून बरोबर सांगत होता. सरासरी काढली असती तर बरोबर आकड्यालाही आम्ही बिघडवले असते.

पंपाची प्लेट नव्या कोनावर आणली आणि नमुन्याच्या जागी पुन्हा तपासली. पेरिस्कोपच्या खांबावर "इथे ध्रुवीकरण ९० अंश फिरते" अशी चिठ्ठी चिकटवली.

८ जुलै, मंगळवार

५४.७ अंशांवर, ०.५ नॅनोज्यूल, विस्कळीत क्रम, ताजा नमुना. ८०० चा क्षय ०.७६, ८६० चा उगम ०.७७ पिकोसेकंद. दोन दिवसांत चार फेऱ्या घेतल्या आणि चारही ०.०४ च्या आत आहेत.

या आकड्याबद्दल एक गोष्ट नोंदवण्याजोगी वाटते. १९४० च्या दशकात फर्स्टरने दिलेल्या सूत्राप्रमाणे, दोन वर्तुळांमधले सुमारे १८ अँगस्ट्रॉमचे अंतर आणि दोघांचे वर्णपट घालून साधा हिशेब केला, तर हस्तांतरण प्रत्यक्षापेक्षा मंद निघते. हा पेच १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुटला. बी-८५० चे १८ रेणू मिळून ज्या अवस्था तयार करतात, त्यातल्या वरच्या अवस्था प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत, म्हणून वर्णपटात दिसत नाहीत, पण इतक्या जवळ असलेल्या बी-८०० कडून ऊर्जा मात्र स्वीकारतात. फर्स्टरचे सूत्र रेणूला दुरून पाहिल्यासारखा एकच बिंदू समजते. इथे दाता त्या १८ जणांच्या दारात उभा आहे आणि त्यांपैकी प्रत्येक जण त्याला वेगळा दिसतो.

११ जुलै, शुक्रवार

भरपूर उजेडात वाढवलेल्या पेशींचे क्रोमॅटोफोर, डिटर्जंटशिवाय, पहिल्यांदा लावले. ८६० चा खड्डा पूर्वीसारखाच उगवतो, पण आता तो सपाट राहत नाही. काही पिकोसेकंदांत उताराला लागतो आणि त्याच वेगाने ८८० च्या पुढे एलएच-१ चा खड्डा खोल होतो. ऊर्जा ०.५ वरून ०.२५ नॅनोज्यूलवर आणली तेव्हा गोंगाट वाढला, पण उताराचा आकार बदलला नाही, म्हणजे हा नाश नव्हे. जुळवणीत ४.३ पिकोसेकंद येतात. ही फक्त एक फेरी आहे, म्हणून आकडा पेन्सिलीने लिहिला आहे.

मंद उजेडाच्या सहा बाटल्या बल्बांपासून दूर, कागदाच्या दोन पदरांमागे आहेत आणि अजून पातळ चहासारख्या दिसतात. रोज एकदा टोपणे तपासते. दाट व्हायला आणखी आठवडा लागेल. तोवर याच नमुन्याच्या उरलेल्या तीन फेऱ्या पूर्ण करायच्या आहेत.